‘मौजे’तला एकार आला कुठून?

वर्तमानपत्रातली जमिनीची जाहीर नोटीस सगळ्यांनी पाहिलेली असते. ‘मौजे अमुक, तालुका सावंतवाडी येथील खालील मिळकत…’ अशी तिची सुरुवात. मूळ शब्द ‘मौजा’, म्हणजे गाव. गाव एकच, मग ‘मौजा’चे ‘मौजे’ का झाले? ते अनेकवचन म्हणावे, तर गावे दोन नाहीत. सामान्यरूप म्हणावे, तर ते ‘मौज्या’ व्हायला हवे. ‘किल्ले रायगड’ लिहिताना गड एकच असतो, पण आपण ‘किल्ला रायगड’ लिहीत नाही. आदरार्थी बहुवचन असेल, असे म्हणून आपण पुढे जातो. पण मग ‘कसबे’ आणि ‘परगणे’ यांनाही आदर दाखवायचा होता काय?

हा एकार मराठीचा नव्हेच. तो फारसी व्याकरणाचा आहे. फारसीत दोन नामे जोडायची असली की पहिल्याला शेवटी एक छोटा स्वर चिकटवतात, कुठे ‘इ’सारखा तर कुठे ‘ए’सारखा. या जोडणीला इजाफत म्हणतात. ‘मौजा’ आणि ‘मोरजी’ यांच्यामध्ये हा स्वर घातला की ‘मौजे मोरजी’. तसेच कसबे डिचोली, परगणे पेडणे, किल्ले तेरेखोल. आपण हे म्हणतो तेव्हा फारसीतला शब्द उसना घेत नाही, फारसी वाक्याचा एक सांधाच जसाच्या तसा उच्चारतो.

मराठीत फारसी शब्द किती, याची मोजदाद पुष्कळ झाली आहे. नवल त्याच्या पुढचे आहे. फारसीचे व्याकरणही आपल्या कागदांत, हुद्द्यांत आणि शिव्यांतसुद्धा गोठून राहिले आहे. ते जागे केले, तर फारसीचे साधे वाक्य मराठी माणसाला परके राहत नाही.

एका मायन्याची चिरफाड

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे उत्तरेकडचे तालुके. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवे शहर आणि तिसवाडी घेतली, 1543 मध्ये बारदेस आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे-डिचोली मात्र त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या बाहेरच राहिली. आधी विजापूरकर, मग मराठे आणि वाडीकर सावंत-भोसले, आणि शेवटी 1781 ते 1788 या काळात ‘नव्या काबिजादी’ म्हणून पोर्तुगीज. पेडणे 1788 मध्ये कायमचे त्यांच्याकडे आले. म्हणजे बारदेसच्या कागदावर पोर्तुगीज भाषा रुळत होती, तेव्हा शापोरा नदीच्या पलीकडे पेडण्याचा कारभार दख्खनच्याच वळणाने चालत होता. त्या वळणाचे मूळ विजापूरच्या फारसी दफ्तरात होते.

आदिलशाही मुलखात परगण्याच्या अंमलदारांना पत्रे जायची, ती मोडीत लिहिलेली असायची. पण त्यांचा मायना असा असे: ‘अज रख्तखाने अमुक खान… बजानिब कारकुनानि हाल व इस्तकबाल परगणे अमुक बिदानद’. त्यापुढे सन आणि मग मराठी मजकूर. शहाजी-शिवाजींच्या काळच्या पत्रांतही हीच सुरुवात पुन्हा पुन्हा भेटते. मोडी वाचायला शिकणारे बहुतेक जण ही ओळ मंत्रासारखी पाठ करतात आणि अर्थाला हात न लावता पुढे सरकतात. खरे तर फारसीचा पहिला धडा याच ओळीत आहे.

‘अज’ म्हणजे पासून, कडून. हे अव्यय नामाच्या आधी आले, हे पाहा. आपण ‘पेडण्याहून’ म्हणतो, फारसी म्हणते ‘अज पेडणे’. ‘ब’ म्हणजे कडे, ला, तेही आधीच. ‘जानिब’ म्हणजे बाजू, म्हणून ‘बजानिब’ म्हणजे ‘च्याकडे’. मराठी प्रत्यय नामाच्या मागून येतो, फारसी अव्यय नामाच्या पुढे चालते. दोन भाषांतला हा सर्वांत ठळक फरक मायन्याच्या पहिल्याच अक्षरांत दिसतो.

‘कारकुनानि’ हा एक शब्द सोलला तर चार तुकडे निघतात. ‘कार’ म्हणजे काम. ‘कुन’ म्हणजे करणारा. ‘आन’ हा माणसांच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आणि शेवटचा ‘इ’ म्हणजे आपली ओळखीची इजाफत. ‘हाल व इस्तकबाल’ म्हणजे सध्याचे आणि पुढचे. एकूण अर्थ झाला, ‘आजच्या आणि यापुढे येणाऱ्या कारकुनांकडे’. हुकूम लिहिणाऱ्याने अजून नेमणूकही न झालेल्या माणसाला आधीच बांधून टाकले आहे!

उरले ‘बिदानद’. हे क्रियापद आहे आणि ते शेवटी आले आहे, मराठीत येते तसेच. ‘बि’ हा आज्ञेचा किंवा इच्छेचा उपसर्ग. ‘दान’ हा जाणणे या अर्थाचा धातू. शेवटी ‘अंद’, म्हणजे ते अनेकजण. ‘बिदानंद’ म्हणजे ‘त्यांनी जाणावे’. आपल्या लेखनिकाच्या हातून त्यातला अनुस्वार बहुधा गळायचा. हा ‘दान’ आणि आपला ‘जाण’ एकाच मुळाचे. संस्कृतातले ‘जानन्ति’ आणि फारसीतले ‘दानंद’ शेजारी ठेवले की सख्खी भावंडे ओळखू येतात. ‘नादान’ म्हणजे ज्याला कळत नाही तो आणि ‘कदरदान’ म्हणजे ज्याला कदर कळते तो. दोन्हींत हाच धातू आहे. पानदान आणि अत्तरदाणीतला ‘दान’ मात्र निराळा, तो भांड्याचा.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे इजाफतही बहुतेक वेळा कागदावर दिसत नाही. वाचणाऱ्याने ती संदर्भाने ओळखून उच्चारायची. फारसी शिकणाऱ्याला सुरुवातीला याचाच घाम फुटतो. मोडी लिहिणाऱ्याने मात्र कानाला ऐकू आले ते लिहिले: मौजे, कसबे, किल्ले, कारकुनानि. फारसी लिपीने झाकून ठेवलेला सांधा मोडीने उघडा केला.

पेडण्याहून डिचोलीला

आता स्वतःचे वाक्य करू. ‘मन अज पेडणे ब डिचोली मी-रवम.’ अर्थ: मी पेडण्याहून डिचोलीला जातो. किंवा जाते, कारण फारसी क्रियापदाला लिंग नाही.

इथे मराठी माणूस हमखास फसतो. वाक्यातला ‘मी’ म्हणजे आपण नव्हे! आपण ‘मन’. ‘मी’ हा चालू काळ दाखवणारा उपसर्ग, तो कोणाच्याही क्रियापदाला लागतो. ‘मी-रवद’ म्हणजे तो जातो, ‘मी-रवंद’ म्हणजे ते जातात. जाणारा कोण, हे शेवटचा प्रत्यय सांगतो. म्हणून ‘मन’ गाळला तरी चालते, ‘मी-रवम’ एवढे पुरते. नकार हवा असेल तर आणखी पुढे ‘न’ लावायचा: ‘नमी-रवम’, जात नाही. मराठीचा ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो, वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याच्या जिवात जीव नसतो. फारसीचा नकार क्रियापदाच्या तोंडीच बसतो. हे उच्चार पुस्तकी आहेत. तेहरानच्या रस्त्यावर ‘मी-रवम’चे ‘मीरम’ होते आणि जुन्या ‘बि’चा ‘बे’.

भूतकाळ तर त्याहून सोपा. ‘आमद’ म्हणजे आला. आमदम, आमदी, आमद, आमदीम, आमदीद, आमदंद: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहा रूपे, संपले. पेडण्यात ‘तो आयलो, ती आयली, तें आयलें’ अशी तीन लिंगांची तीन रूपे जिभेवर खेळत असतात. फारसीत तिन्हींना एकच ‘आमद’, आणि तो-ती दोघांनाही एकच सर्वनाम, ‘ऊ’. विशेषणही बदलत नाही. बरो, बरी, बरें हा खटाटोप नाही. पुरुष, बाई, किल्ला, नदी, सगळ्यांना ‘खूब’ एकच. ते नामाच्या मागून इजाफतीने जोडायचे: ‘मर्दे खूब’, चांगला पुरुष.

मराठीचा ‘ने’ही इथे नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात खाणारा मी, पण क्रियापद भाकरीच्या मागे जाते. मराठी शिकणारे परदेशी इथे डोके धरून बसतात. फारसी सरळ आहे. ‘मन नान खुर्दम’: खाल्ले मी, म्हणून शेवटी माझाच ‘अम’.

मात्र ‘रा’ नावाचे एक अक्षर नीट समजून घ्यावे लागते. ‘नामा खांदम’ म्हणजे पत्र वाचले, कुठले ते महत्त्वाचे नाही. ‘नामा रा खांदम’ म्हणजे ते पत्र वाचले, ज्याबद्दल आपण बोलत होतो ते. कर्म ठराविक, ओळखीचे असेल तर त्याला ‘रा’ लागतो. हे अवघड वाटेल, पण मराठी माणूस हाच भेद रोज करतो. ‘काल मुलगी पाहिली’ म्हटले की ऐकणारा विचारतो, पसंत पडली का? ‘काल त्या मुलीला पाहिले’ म्हटले की तो विचारतो, कुठे? एका ‘ला’ने स्थळ पाहणे आणि नुसते दिसणे वेगळे झाले. ‘रा’चे काम साधारण याच जातीचे आहे. आणि हा ‘रा’ फार जुना. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दारयवहू राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवलेल्या लेखातला ‘रादिय’, म्हणजे ‘च्यासाठी’, हे त्याचे मूळ. आजही फारसीत ‘का?’ला ‘चरा’ म्हणतात, म्हणजे ‘कशाकरिता’.

दार आणि दाश्त

फारसी क्रियापदांचा एकच जाच आहे. प्रत्येक धातूची दोन रूपे, एक चालू काळाचे आणि एक भूतकाळाचे, आणि ती पाठ करावी लागतात. पण मराठी वाचकाने त्यातली बरीच नकळत पाठ केलेली आहेत.

बाळगणे या धातूचे चालू रूप ‘दार’, भूत रूप ‘दाश्त’. ‘दार’ तर घरोघरी आहे. तेरेखोल नदीच्या अलीकडे पेडण्यात आणि डिचोलीत तालुक्याचा अधिकारी मामलेदार, नदी ओलांडून सावंतवाडीत गेले की तहसीलदार. हुद्दा बदलला, ‘दार’ तोच. ‘दाश्त’ही आपल्याकडे आहे: याददास्त, बरदास्त, अर्जदास्त. एकाच धातूची दोन्ही रूपे आपण शतकानुशतके वापरतो आहोत, पण त्यांची गाठ घालून दिली नाही इतकेच.

लिहिणे या धातूचे चालू रूप ‘नवीस’. चिटणवीस, चिटणीस, फडणीस, सबनीस यांत तोच आहे. पारसनीस म्हणजे तर फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. खाणे याचे भूत रूप ‘खुर्द’, चालू रूप ‘खोर’. लाचखोर लाच खातो, हरामखोर हरामाचे खातो. जाणे याचे ‘रव’ आणि ‘रफ्त’: पत्र ‘रवाना’ होते त्यात पहिले, जुन्या कागदांतल्या ‘आमदरफ्ती’त, म्हणजे येण्याजाण्यात, दुसरे. येणे याचे ‘आमदन’, त्यातूनच घरात येणारी ती आमदनी. गावाकडची म्हातारी माणसे सरलेल्या वर्षाला ‘गुदस्ता’ म्हणतात. इराणात आजही गेल्या वर्षाला ‘साले गुजश्ते’ म्हणतात.

नाम पुढे आणि चालू काळाचे रूप मागे, ही समासाची रीत मराठीला इतकी मानवली की तिने स्वतःचा माल त्यात भरायला सुरुवात केली. ‘चव’ मराठी, ‘दार’ फारसी, झाले चवदार. ‘भांडण’ मराठी, ‘खोर’ फारसी, झाला भांडखोर. हे शब्द इराणातून आले नाहीत, ते इथेच घडले. उसना शब्द कोणीही वापरतो. उसन्या नियमाने नवा शब्द पाडणे म्हणजे तो नियम अंगी मुरणे.

करणे याचे ‘कुन’ आणि ‘कर्द’. हा धातू एकटा शिकला तरी फारसीचे मोठे दालन उघडते, कारण फारसीत नाम घेऊन त्याला ‘कर्दन’ जोडले की क्रियापद तयार होते. आपणही तेच करतो: सुरू करणे, जमा करणे, मंजूर करणे, हुकूम करणे. ‘शुरू कर्दम’ म्हणजे सुरू केले, ‘जमा कर्दंद’ म्हणजे त्यांनी जमा केले. मामलेदार कचेरीत चार अर्ज केलेल्या माणसाकडे या जातीच्या क्रियापदांचा साठा आधीच असतो.

आणि उलटा प्रवासही झाला. ‘बर हुक्मे अमुक’ म्हणजे अमुकच्या हुकुमावरून. फारसीत ‘बर हुक्म’ आधी. मराठीने तो उचलला आणि आपल्या सवयीप्रमाणे नामाच्या मागे नेऊन बसवला: ‘वहिवाटीबरहुकूम’. पुढून चालणाऱ्या अव्ययाला मराठीने मागचा प्रत्यय करून टाकले. ‘बमोजिब’चेही तेच.

‘की’ची कथा थोडी वेगळी. ‘येतो म्हणून सांगितले’ ही आपली जुनी घडण. कोकणीत आजही ‘येता म्हूण सांगलें’. ‘त्याने सांगितले की मी येतो’ ही दुसरी घडण, आणि ती बऱ्याच अभ्यासकांना फारसी वळणाची वाटते. फारसीत ‘गुफ्त के मी-आयम’, शब्दशः ‘म्हणाला की येतो मी’. बोलणाऱ्याचे शब्द फारसी वाक्यात जसेच्या तसे राहतात, मराठीसारखे.

डिचोलीत राहून गेलेला शहजादा

या भागाने फारसी केवळ कागदावर पाहिली नाही. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याचा मुक्काम बांदा-डिचोलीच्या मुलखातही होता, आणि पोर्तुगिजांशी झालेल्या बोलण्यांत त्याने मध्यस्थी केली. डिचोलीतल्या नमाजगाहची वास्तू परंपरेने त्याच काळाशी जोडली जाते. 1687 मध्ये हा शहजादा समुद्रमार्गे खुद्द इराणला गेला आणि पुढे मशहदला वारला. डिचोलीत तो ज्या भाषेत पत्रे लिहून घेत असे, तीच भाषा इराणात बाजारात बोलली जात होती.

डिचोली तालुक्यातच नार्वे गाव आहे. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे सप्तकोटेश्वराचे मंदिर पुन्हा उभारविले. सप्तकोटेश्वरातला ‘सप्त’ आणि फारसीतला ‘हफ्त’ हा एकच अंक. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी फारसीत अनेकदा ‘ह’ सापडतो. म्हणून देवळातला सप्ताह आणि कर्जाचा हप्ता एकाच कुळातले निघतात.

पोर्तुगिजांनाही फारसी चुकली नाही. मोगल आणि दख्खनी दरबारांशी बोलायला त्यांना दुभाषे ठेवावे लागले, आणि त्यांत गोव्याचे शेणवी बरेच होते. या मंडळींचा इतिहास डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी 1952 मध्ये पोर्तुगीज भाषेत ग्रंथरूपाने मांडला. तेही शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे.

शब्द गेले, सांधे राहिले

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याचा परिणाम वि. का. राजवाडे यांनी मोजून दाखवला. त्यांनी तीन काळांतली पत्रे घेऊन शब्द मोजले. 1628 च्या पत्रात मराठी शब्द 14.4 टक्के, 1677 च्या पत्रात 62.7 टक्के आणि 1728 च्या पत्रात 93.7 टक्के. शंभर वर्षांत पारडे पूर्ण फिरले.

पण ‘मौजे’चा एकार कोणी काढला नाही. काढणार कसा, तो परका आहे हेच कोणाला दिसले नाही. शब्द डोळ्यांत भरतो, म्हणून तो हुकमाने बदलता येतो. दोन शब्दांमधला सांधा दिसत नाही, म्हणून तो टिकतो. कोशांनी आणि भाषाशुद्धीने फारसीची नामे मागे सारली. फारसीचे व्याकरण नोटिशीत, आडनावांत आणि ‘लाचखोर’ या शिवीत सुखरूप राहिले.

म्हणून फारसी शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकाने परदेशी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करायची गरज नाही. आधी आपल्याच बोलण्यातले दार, नवीस, खोर, कुन हे धातू वेगळे काढावेत, मग त्यांची भूतकाळाची रूपे शोधावीत. मदतीला माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा 1925 चा फारसी-मराठी कोश आहे. आणि मोडी शिकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पणजीच्या पुराभिलेखागारात आणि इतर दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचायला अक्षर ओळखता आले म्हणजे झाले, असे समजू नका. ‘बिदानद’पाशी अडखळून पुढे जाऊ नका. लिपीबरोबर फारसी वाक्याची एवढी ओळख करून घ्या. त्याशिवाय त्या कागदांची पहिली ओळ कळत नाही, आणि हुकूम कोणाचा, कोणाला, हे पहिल्या ओळीतच लिहिलेले असते.